धोट्याशेजारी यंत्रमानव: कपाटाच्या नोंदी

१९ जानेवारी

गड्डा यात्रेची गर्दी ओसरली आणि वाचनालयाची लांबलेली बैठक एकदाची झाली. साखर पेठेतल्या आमच्या वाचनालयात दाराजवळची भिंत मोकळी आहे. तिथं काचेचं कपाट करायचं आणि त्यात हातमागापासून यंत्रमानवापर्यंतची गोष्ट तीन-चार वस्तूंत दाखवायची, असं ठरलं. वस्तू घरच्याच आहेत. एक लाकडी धोटा (मागावर आडवा दोरा नेणारा), जॅकार्डच्या, म्हणजे नक्षीची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची अर्धी माळ, जुन्या चादरीचा तुकडा, आणि माझ्या आतेभावानं पुण्याहून धाडलेला जी. आय. जो या अमेरिकन खेळण्यांच्या मालिकेतला बॅट. बॅट म्हणजे ‘बॅटल अँड्रॉइड ट्रूपर’. काळा देह, पिवळे भाग, चेहऱ्याच्या जागी कोरा मुखवटा, आणि छातीवरच्या खिडकीत आतली यंत्रणा दाखवणारं चकाकतं स्टिकर.

वाचनालय बघणाऱ्या सरांचा विरोध आहे. “चादरीशेजारी अमेरिकन खेळणं? उद्या लोक हसतील ओ.” मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. म्हणून ठराव असा झाला की बाकी वस्तू नक्की, बॅटचं आधी मूल्यमापन होईल. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझं दुकान लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या सुट्या भागांचं आणि घरात भिंग, कॅलिपर, बारीक स्क्रूड्रायव्हर सगळं पडलेलं.

२१ जानेवारी

पार्सल उघडलं. आतेभावानं वस्तू थर्माकोलमध्ये दाबून पाठवली होती, ती पहिल्यांदा त्यातून काढली. मऊ पीव्हीसीत प्लॅस्टिसायझर असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि शेजारी पॉलिस्टायरीन असलं की त्यात उतरून त्याला खातं. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीनच. काही वर्षं तसंच राहिलं असतं तर दोन्ही एकमेकांना चिकटून बसले असते. आता बटर पेपरवर, उघड्या ट्रेमध्ये ठेवलंय.

वस्तू पार्सलमधून दोन तुकड्यांत निघाली. कमरेच्या वर एक, खाली एक. आतेभाऊ फोनवर घाबरा झाला, “दादा, कुरियरवाल्यानं मोडलं का?” मोडलेलं नाही. या मालिकेतल्या बाहुल्या आतून रबराच्या एका कड्यावर उभ्या असतात. पायांचा जोड धातूच्या टी-आकाराच्या आकड्यात असतो. हे कडं, म्हणजे ओ-रिंग, त्या आकड्यात अडकवून वर छातीच्या पोकळीतल्या खुंटीवर ओढलेली असते, आणि त्या ताणावर धड, कंबर, पाय एकत्र राहतात. रबर म्हातारं झालं की बाहुली कमरेत तुटते. इथं तेच झालंय. रिंगचे दोन काळे, कडक तुकडे आतून पडले. कागदी पाकिटात जपून ठेवले, फेकायचे नाहीत.

२४ जानेवारी

आज फक्त पाहणी. वस्तूला पाणी, कापड काही लावलं नाही.

साधन म्हणून पिक ग्लास घेतला. कापडातले ताणे-बाणे मोजायचं हे घडीचं भिंग आमच्याकडे गल्ल्याशेजारीच असतं. त्याखाली अंगठे, कोपर आणि मांड्यांमधला जोड बघितला. या मापाच्या बाहुल्यांत मोडतात त्या याच तीन जागा. हातात हत्यार कोंबताना अंगठा जातो, कोपराच्या रिव्हेटपाशी बारीक चीर पडते, आणि पाय फाकवताना मांड्यांमधली पट्टी तुटते. पट्टी शाबूत आहे. कोपरही बरे. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी मात्र एक रेष दिसली, ती साच्याची की जोडाची ते भिंगातून कळेना.

मग नोटा तपासायचा यूव्ही दिवा आणला आणि शटर खाली ओढून अंधार केला. काळा देह तसाच मुका राहिला, पण अंगठ्याच्या मुळाशी फिकट निळसर कड उजळली. सुपर ग्लू पुष्कळदा असा उजळतो. आतेभावाला विचारलं तर म्हणाला, “हो की, पाचवीत असताना बाबांनी चिकटवला होता.” म्हणजे दुरुस्ती जुनी आणि घरची आहे. ती काढून नव्यानं करायची नाही. जोड पक्का आहे, आणि त्या हातात काही धरायला द्यायचंच नाही.

काम मागे पडलं तर दोष नाही, दुकानात मार्च एंडची धावपळ सुरू होईल.

३० जानेवारी

अस्सल की नक्कल, हा आजचा विषय.

पार्श्वभूमी थोडक्यात लिहून ठेवतो, म्हणजे पुढं पाटी करताना शोधावं लागणार नाही. हॅस्ब्रोनं जी. आय. जो १९६४ साली आणला, तेव्हा तो बारा इंची होता. मुलगे ‘बाहुली’ विकत घेणार नाहीत म्हणून त्याला ‘अॅक्शन फिगर’ असं नाव दिलं गेलं. १९८२ साली तो पावणेचार इंचांवर आला. ते माप त्याआधी १९७८ पासून केनर कंपनीनं अंतराळपटाच्या बाहुल्यांत रूढ केलं होतं. १९८३ पासून दंडाशी हात गोल फिरू लागला. बॅट १९८६ चा. उजवं मनगट पोकळ, त्यात बदलून बसवायचे जोड: साधा पंजा, चिमटा, आग फेकणारी नळी आणि लेझर. न वापरलेले जोड पाठीवरच्या पिशवीत खोचायचे. पुठ्ठ्याच्या मागं प्रत्येक पात्राची माहिती छापलेली असे. त्यातला बहुतेक मजकूर लॅरी हामा यांनी लिहिला, आणि एवढ्याशा प्लॅस्टिकला मुलं स्वभाव चिकटवू शकली ती त्यामुळं.

आपल्याकडच्या मुलांना हे खेळणं भेटलं ते फनस्कूलमुळं. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांची ही कंपनी १९८७ मध्ये निघाली. भारतात तयार झालेल्या बाहुल्यांचे रंग मूळ अमेरिकन रंगांपेक्षा पुष्कळदा वेगळे असत, आणि आज परदेशातले संग्राहक नेमक्या त्याच शोधतात. त्यामुळं पहिला प्रश्न हा की आपल्याकडचा नग कुठला.

मागच्या बाजूला १९८६ आणि हॅस्ब्रो असा ठसा आहे. यावर बरेच लोक फसतात. ठशातलं साल हे साच्याचं, म्हणजे त्या रूपाच्या हक्काचं साल. त्याच साच्यातून दहा वर्षांनी माल काढला तरी साल तेच येतं. ठसा एकट्यानं काही सिद्ध करत नाही.

सिद्ध करणारी गोष्ट आतेभावाकडे निघाली, ती म्हणजे त्याच्या वाढदिवसाचा फोटो. मागं स्टुडिओचा शिक्का आणि हातानं लिहिलेलं १९८८. फोटोत त्याच्या मुठीत हाच बॅट आहे, मनगटाला चिमटा लावलेला. त्याचे मामा दुबईला होते, त्यांनी आणला. वस्तू १९८८ ची किंवा त्याआधीची, परदेशातून आलेली, एकाच घरात राहिलेली. संग्रहालयवाले ज्याला मालकीची साखळी म्हणतात ती इथं दोन दुव्यांत पुरी होते. मला स्वतःला हा फोटो बाहुलीइतकाच मोलाचा वाटतो, आणि त्याची प्रत कपाटात लावायची असं आजच लिहून ठेवतो.

चिमटा आता नाही. पंजा, नळी, लेझर आहेत. पाठपिशवी आहे.

२ फेब्रुवारी

आतेभावाचा प्रश्न: “विकलं तर किती येतील?” त्याला सांगितलं की पुठ्ठ्यावर न उघडलेला नग आणि सुटा नग यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपला सुटा, एक जोड हरवलेला, अंगठा चिकटवलेला. अमेरिकेत अशा बाहुल्यांना शंभरपैकी गुण देऊन अॅक्रिलिकच्या डबीत सीलबंद करून देतात. तसले गुण इथं फारसे येणार नाहीत. पण विक्रीची तपासणी आणि मांडणीची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी. विकणारा रंगाचा टवका मोजतो. मला बघायचंय की ही वस्तू सोलापूरच्या हवेत किती वर्षं ताठ उभी राहील आणि समोरच्या पोराला काय सांगेल.

तो म्हणाला, “मग देऊनच टाकलं समज.” देणगीचं पत्र घ्यायचं. सर म्हणतात साध्या कागदावर चालेल, मी म्हणतो चालणार नाही. फोटोसकट, तुटक्या भागांच्या यादीसकट हवं.

९ फेब्रुवारी

सफाई. सोलापूरचं बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर पांढरे डाग उठणार, त्यामुळं बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं. कोमट केलं, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, रंगाचा मऊ ब्रश. पाय आणि हात बुडवले, धड नाही. छातीवरच्या स्टिकरला पाणी लागू दिलं नाही. दुकानातल्या पोरानं हौसेनं थिनरची बाटली पुढं केली होती, ती परत ठेवायला लावली. थिनरनं रंग जातो, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन तर एबीएस प्लॅस्टिक थेट विरघळवतं.

सांध्यांतून काय निघालं? रुईचे तंतू. पुण्यात इतकी वर्षं राहिलेल्या खेळण्यातही साखर पेठेतलं बालपण अडकून होतं, कारण आतेभाऊ दहावीपर्यंत इथंच राहिला.

पिवळा रंग दोन ठिकाणी उडालेला आहे. भरायचा नाही. खेळलेलं खेळणं खेळलेलं दिसलं पाहिजे. यावर बैठकीत वाद होईल.

१५ फेब्रुवारी

वाद झाला. मंडळाच्या तरुण पोरांना सगळं नवंकोरं हवंय. एकानं मोबाइलवर थ्री-डी प्रिंट केलेला चिमटा दाखवला, “काका, मागवू का? कुणाला कळणार नाही.” कुणाला कळणार नाही हेच तर नको आहे. कपाटात ठेवलेली वस्तू बघणारा विश्वासानं बघतो. चिमटा हरवलाय, तर हरवलाय असं पाटीवर लिहायचं, आणि शेजारी १९८८ च्या फोटोत तो दिसतोच आहे. उलट त्यामुळं लोक फोटोकडं नीट बघतील. ठराव मंजूर. पोरं थोडी नाराज झाली, पण त्यांना दिव्यांचं काम दिलंय.

२३ फेब्रुवारी

ओ-रिंग. माझ्या धंद्यातला विषय, त्यामुळं इथं जरा रेंगाळतो.

एअरजेट लूम आणि कॉम्प्रेसरसाठी आम्ही रोज ओ-रिंगा विकतो, काउंटरखालचे कप्पे भरलेले असतात. नेहमीची काळी रिंग नायट्राइलची. तेलाला उत्तम, पण हवेतल्या ओझोनला कच्ची. त्यातही ताणलेल्या अवस्थेत ठेवली तर ताणाच्या आडव्या बारीक चिरा पडत जातात. लूममध्ये ती खोबणीत दाबलेली असते, म्हणून टिकते. बाहुलीत ती चोवीस तास ताणलेली असते. जुनी रिंग तुटली ती जवळजवळ चाळीस वर्षांनी, त्यामुळं तक्रार करायला जागा नाही. पण पुढची बसवताना विचार करायला हवा.

पर्याय तीन. ईपीडीएम: ओझोन आणि ऊन दोन्ही सोसतं, तेल सोसत नाही, पण बाहुलीत तेल कुठलं? सिलिकॉन: उष्णतेला सगळ्यात भारी, मऊ, पण धातूच्या आकड्याच्या कडेवर कापलं जाण्याची भीती. व्हायटॉन: महाग, कडक, आणि एवढ्या ताकदीची गरज नाही.

मापाचा प्रश्न वेगळा. जाड रिंग बसवली तर कंबर इतकी घट्ट होते की पाय हलवताना मांड्यांमधल्या त्या नाजूक पट्टीवर जोर येतो. बारीक बसवली तर बाहुली दारू प्यायल्यासारखी डुलते. जुन्या तुकड्यांची जाडी कॅलिपरनं घेतली, पण वाळून आकसलेल्या रबराचं माप आंधळेपणानं घ्यायचं नसतं. कप्प्यातल्या त्याच्या आसपासच्या दोन-तीन मापांच्या रिंगा काढून ठेवल्या.

गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली लाकडी पट्टीला खिळे ठोकून नायट्राइल, ईपीडीएम आणि सिलिकॉन अशा तिन्ही रिंगा सारख्या ताणून लावल्या. उन्हाळा काय करतो ते बघू.

८ मार्च

कपाटाचं माप ठरलं. लाकडी कपाट स्वस्त पडत होतं, सुतार ओळखीचा. पण एमडीएफ आणि नव्या प्लायमधून अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा निघत राहतात, बंद कपाटात त्या साठतात आणि धातू गंजतो. आत टी-आकडा आहे, स्क्रू आहे, आणि धोट्याच्या टोकांना लोखंडी चोची आहेत. त्यामुळं अॅल्युमिनियम सेक्शन आणि टफन काच. फॅब्रिकेटरला एवढंच बजावलं की सांध्यात लावायचं सिलिकॉन न्यूट्रल क्युअर हवं. व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, तो वास म्हणजे तेच अॅसिटिक आम्ल. तो हसला, म्हणाला, “शेठ, फिश टँक करायलाय का दवाखाना?”

अॅक्रिलिकचं कपाट हलकं झालं असतं. पण आमच्या भागात रुई हवेतच असते. अॅक्रिलिक कोरड्या फडक्यानं पुसलं की त्यावर विद्युतभार येतो आणि ते सगळे तंतू ओढून घेतं. काच त्या मानानं बरी.

हवा पूर्ण बंद करायची नाही. पीव्हीसीच्या वाफा बाहेर जायला खालून-वरून बारीक फट ठेवायची, आतून फिल्टरचं कापड. हे कापड कॉम्प्रेसरच्या एअर फिल्टरचंच घेतलंय.

१४ मार्च

शेजारच्या शेडमध्ये लूम चालू असले की वाचनालयाच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास हळूहळू सरकतो. सवयीमुळं ते कुणाच्या ध्यानात येत नाही. आज मुद्दाम कपाटाच्या जागी फळी ठेवून त्यावर एक रिकामी छोटी बाटली उभी केली. दुपारपर्यंत ती काठाकडं सरकली होती. म्हणजे बॅट नुसता उभा केला तर रोज थोडा थोडा चालत जाऊन एक दिवस उडी मारणार. यंत्रमानवच तो.

जॉबर काकांना बोलावलं. जॉबर म्हणजे लूम लावणारा, दुरुस्त करणारा. मिलमध्ये आयुष्य गेलं, आता घरचेच चार लूम बघतात. घरी तेलुगू, बाहेर मराठी, रागावले की दोन्ही. त्यांनी पायाखालचं भोक बघितलं. या बाहुल्यांच्या तळव्यांना खुंटीसाठी भोक असतं. काका म्हणाले, “पिन देतो की ओ करून.” अॅल्युमिनियमच्या तारेतून दोन पिना कापल्या, टोकं घासून गोल केली, भोकात सैल बसतील एवढ्याच ठेवल्या. ठोकून बसवायच्या नाहीत. पिना खालच्या पट्टीत पक्क्या, पाय वर नुसते बसवलेले. दोन बाजूंनी चिकटणारी टेप मी आधीच नाकारली होती, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून प्लॅस्टिकमध्ये मुरतो. फळीखाली लूमच्या पायाखाली घालतात तसल्या रबरी पॅडचे तुकडे.

बाटली परत ठेवून पाहिली. जागची हलली नाही.

२९ मार्च

मार्च एंड. काही नाही.

१२ एप्रिल

प्रकाश. पोरांनी हौसेनं निळ्या एलईडी पट्ट्या आणल्या. कपाट ज्यूस सेंटरसारखं दिसत होतं. निळ्या उजेडात चादरीचा मरून रंग काळा पडतो हे दाखवल्यावर स्वतःहून काढल्या.

बॅटसाठी किती उजेड चालेल, हा प्रश्नच चुकीच्या टोकाचा आहे. एकाच कपाटात कापड आणि पुठ्ठाही आहे. संग्रहालयांत कापड आणि कागद यांसाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास उजेड ठेवायची रीत आहे, प्लॅस्टिकला आणि रंगाला त्याहून जास्त चालतो. तेव्हा कपाटाचा उजेड चादर ठरवणार, यंत्रमानव नाही. सर हे ऐकून पहिल्यांदा खूश झाले.

मोबाइलवरच्या लक्स मापकावर पूर्ण विश्वास नाही, पण तुलनेला पुरतो. उबदार पांढऱ्या एलईडीची एक पट्टी वरच्या पुढच्या कोपऱ्यात, डिमरवर. एलईडीत अतिनील जवळजवळ नसतं. खरा शत्रू खिडकी. दुपारी साडेतीननंतर पश्चिमेचं ऊन थेट या भिंतीवर येतं. खिडकीला यूव्ही फिल्म आणि वर जाड पडदा. जुन्या पांढऱ्या-करड्या प्लॅस्टिकची बटणं पिवळी पडलेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. काळ्या देहावर ते दिसणार नाही, पण पिवळा रंग आणि स्टिकर फिके पडतील.

स्टिकर लेंटिक्युलर आहे. वर बारीक उभारीच्या रेघा, खाली दोन चित्रं पट्ट्या-पट्ट्यांत मिसळलेली. प्रत्येक रेघ भिंगाचं काम करते आणि बघणाऱ्याच्या कोनाप्रमाणे एक चित्र दाखवते, दुसरं लपवते. थोडं हललं की आतली यंत्रणा हलल्यासारखी वाटते. दिवा समोरून मारला तर चमक येऊन काहीच दिसत नाही. वरून तिरका मारला तर जमतं. एक कोपरा किंचित सुटलाय. गोंद लावणार नाही.

आणि उंची. मधला कप्पा मोठ्यांच्या छातीशी येतो, सहावी-सातवीतल्या पोराच्या डोळ्यांशी. बॅट तिथं.

२७ एप्रिल

गच्चीवरची पट्टी उतरवली. पिक ग्लासखाली नायट्राइलच्या रिंगवर ताणाला आडव्या केसासारख्या चिरा. ईपीडीएम गुळगुळीत. सिलिकॉन गुळगुळीत, पण खिळ्याच्या कडेला एक काप. ईपीडीएम पक्कं.

बसवणी संध्याकाळी, दुकान बंद करून. पाठीतला स्क्रू काढला. धडाचे दोन भाग उघडले. रिंग टी-आकड्यात, मग कमरेच्या तुकड्यातून वर ओढून खुंटीवर. बारीक चिमट्यानं नाही, दोऱ्यानं ओढली, चिमटा रबराला चावतो. मधल्या मापाची रिंग बरोबर बसली.

स्क्रू परत लावताना तो आधी उलटा फिरवायचा. फिरवता फिरवता हलकासा ‘टक’ असा उतरल्यासारखा जाणवतो, तिथं जुने आटे सापडतात. मग सुलटा, बोटाच्याच जोरानं. थेट सुलटा फिरवला तर नवे आटे पाडतो आणि काही खेपेत भोक मोठं होऊन बसतं. जॉबर काका शेजारी बसून बघत होते. त्यांना बाहुलीत रस नव्हता, पण हे बघून मान डोलावली.

उभा राहिला. कंबर ताठ, पाय हलतात, डुलत नाही.

११ मे

पारा ४३ च्या वर. कपाट जागेवर बसलंय, आत अजून फक्त थर्मामीटर आणि बॅट. चादर आणि पुठ्ठे नंतर.

दुपारी तीन वाजता, पंखे चालू, पडदा ओढलेला, दिवा बंद: आतला आकडा खोलीइतकाच. दिवा लावून दोन तासांनी वरच्या कप्प्यात तीन अंश जास्त, मधल्या कप्प्यात एक. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आत होता, तो कपाटाबाहेर काढायला लावला. एबीएस मऊ पडायला शंभर अंशांच्या वर जावं लागतं, त्यामुळं वितळायची भीती नाही. पण मऊ पीव्हीसीचे भाग कमी तापमानातही ताणाखाली महिनोन्महिने राहिले तर हळूहळू वाकतात. म्हणून उभं राहण्याची पद्धतही ठरवली. दोन्ही पाय सरळ, गुडघे न वाकवता, हात खाली, मान समोर. पोरांना लढाईच्या पवित्र्यात हवा होता. एक पाय हवेत, वजन एका घोट्यावर, आणि बाहेर ४३ अंश! नाही म्हणालो.

पाठपिशवी पाठीला लावली, पण तिच्यात जोड खोचले नाहीत. खोचलेले जोड खाच ताणतात. नळी आणि लेझर खाली पट्टीवर शेजारी शेजारी, पंजा मनगटात.

१८ मे

सरांशी शेवटची चर्चा. त्यांनी एकच विचारलं, आणि तेच विचारायला हवं होतं: “पण हे इथं का?”

उत्तर पुठ्ठ्यांच्या माळेत आहे. जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ल्योंमध्ये जे यंत्र केलं, त्यात नक्षी पुठ्ठ्याच्या भोकांत लिहिलेली असते. भोक असेल तिथं सुई आरपार जाते, आकडा वर उचलणाऱ्या पट्टीवर, म्हणजे सुरीवर राहतो, ताण्याचा दोरा उचलला जातो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते आणि दोरा खालीच राहतो. हो किंवा नाही. चार्ल्स बॅबेजनं १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्रासाठी आज्ञा देण्याची पद्धत म्हणून हेच पुठ्ठे घेतले. आपल्या चादरीवरचा मोर ज्या रीतीनं उमटतो, त्या रीतीचा दूरचा वंशज म्हणजे यंत्रमानवाच्या छातीत दाखवलेली ती यंत्रणा. खेळण्याच्या कारागिरांनी ती कल्पनेनं काढली असेल, पण माणसानं लिहून दिलेली आज्ञा पाळणारं यंत्र, ही कल्पना सोलापूरच्या घराघरात खटखटत होती.

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग धोटा डावीकडं, पुठ्ठे मधोमध, हा उजवीकडं. हा मधोमध नको.” मला मान्य. बॅट मधल्या कप्प्यातच, पण उजव्या टोकाला. पोराच्या डोळ्यांची उंची तीच राहते.

पाटीचा मजकूर सरांनीच लिहिला: नाव, साल १९८६, पावणेचार इंची मालिका, १९८८ च्या फोटोत दिसणारा हाच नग, चिमटा हरवलेला, डावा अंगठा घरी चिकटवलेला, आतली ओ-रिंग नवी. शेवटचे तीन शब्द काढा असं एक सदस्य म्हणाले. सरांनी काढले नाहीत.

२ जून

मृगाच्या आधी चादर आणि पुठ्ठे आत गेले. चादर ताणून टांगलेली नाही, गुंडाळीवर सैल सोडलीय. मधल्या कप्प्यावर मोजला तर उजेड पन्नासच्या खाली-वर. बघणाऱ्याला डोळे सरावायला थोडा वेळ लागतो, पण लेंटिक्युलर स्टिकर त्या उजेडातही हलताना दिसतं. पहिल्या दिवशी एक पोरगं काचेसमोर डावी-उजवीकडं इतकं डोललं की त्याच्या आईनं दंड धरून बाहेर नेलं.

कपाटाच्या मागच्या बाजूला कागद चिकटवलाय. दर अमावस्येला, शेड बंद असतात त्या दिवशी, काच बाहेरून ओल्या फडक्यानं. फिल्टरचं कापड दर तिमाहीला. बॅटला हात वर्षातून एकदा, कोरडा मऊ ब्रश, आणि त्याच वेळी कमरेला किंचित ताण देऊन रिंग बघायची. त्याच मापाच्या ईपीडीएमच्या दोन रिंगा छोट्या पाकिटात कागदाशेजारी लावल्यात, वर माप पेननं. जुन्या रिंगचे तुकडे वेगळ्या पाकिटात, दप्तरात. किल्ली सरांकडे.

आतेभाऊ श्रावणात येतोय. मूळ फोटो घेऊन ये म्हटलंय, प्रत जरा पिवळट आलीय.